पिंप देण्याआधी घासून द्या

(पावसाळ्यापूर्वी मानपाडा, ठाणे येथे भरलेल्या स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज डासांवर बोलायला सांगितले आहे. डास हा विषय कोणाला नवा नाही. झाकण लावा, पाणी साचू देऊ नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हे तुम्ही माझ्याआधी पन्नास वेळा ऐकले आहे. म्हणून मी तेच पुन्हा सांगत बसणार नाही. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. दर वर्षी मे महिन्यात आपण मंडळीतून जुनी पिंपे, बादल्या, ताडपत्र्या गोळा करतो आणि टेम्पोत घालून पाड्यांवर पोचवतो. पाड्यावर पाण्याची ओढ असते आणि पिंपाची गरज खरी असते, त्यामुळे देणे थांबवू नका. पण प्रत्येक पिंप टेम्पोत चढण्याआधी आतून घासले गेले पाहिजे. नुसते विसळून भागणार नाही. काथ्याने किंवा ब्रशने, साबण लावून, काठापासून तळापर्यंत घासले पाहिजे.

एवढ्याशा कामासाठी भाषण कशाला, असे वाटेल. मी आयुष्यभर शाळेत प्राणिशास्त्र शिकवले. माझा अनुभव असा की कारण कळले की माणूस काम मनापासून करतो आणि कारण न कळता केलेले काम दुसऱ्या वर्षी विसरले जाते. तेव्हा कारण सांगतो. ते थोडे लांबचे आहे आणि त्याचा रस्ता डासाच्या पोटातून जातो.

आपण बसलो आहोत ती जागा आधी डोळ्यांसमोर आणा. मानपाडा, पातलीपाडा ही नावेच सांगतात की इथे एके काळी पाडे होते. आज घोडबंदर रस्त्याच्या कडेला वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत आणि पाठीमागे येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. शहर आणि जंगल इथे एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा जागी दिवसा चावणारे, अंगावर पांढरे ठिपके आणि पायांवर पांढरे पट्टे असलेले दोन सख्खे भाऊबंद डास भेटतात.

पहिला एडीस इजिप्ती. हा मूळचा आफ्रिकेचा. जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांबरोबर तो जगभर पसरला. हा अगदी घरातला डास आहे. पलंगाखाली, कपड्यांच्या आड, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, माणसालाच चावतो आणि माणसाने साठवलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवण्यात याचा पहिला नंबर. दुसरा एडीस अल्बोपिक्टस, ज्याला लोक वाघ डास म्हणतात. हा आपल्या आशियाचा. शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले वर्णन केले ते कोलकात्याच्या डासांवरून, १८९४ मध्ये. त्याच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असते. हा झाडीच्या कडेचा डास. झाडाची ढोली, तोडलेल्या बांबूचे खुंट, करवंटी, फुटके मडके, टायर, जिथे चार चमचे पाणी साचेल तिथे याचे घर. तोही डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवू शकतो.

मागे एका पाड्यावरच्या मावशींनी मला विचारले होते, "मास्तर, दोन्ही डास एकाच पिंपात राहिले तर भांडत नाहीत का?" प्रश्न अगदी नेमका होता. भांडतात, पण चावाचावी करून नव्हे. ते भांडण खाण्यावरून होते.

डासाचे पिल्लू, म्हणजे अळी, पाण्यात वाढते. पिंपाच्या तळाशी पडलेला पाला, त्यावर वाढणारे बारीक जंतू, पाण्यातला गाळ हे तिचे अन्न. उन्हाळ्याच्या उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवसांत अळीची कोष होऊन डास उडून जातो. पण पिंपात अळ्या फार झाल्या आणि अन्न थोडे असले, की शर्यत लागते. ज्या अळीला पुरेसे खायला मिळते ती लवकर मोठी होते. जिला मिळत नाही ती दिवसच्या दिवस तशीच राहते, मरते किंवा इतका लहान डास होते की त्याच्या पोटी अंडी थोडीच होतात. आपल्याला पिंपात नुसती वळवळ दिसते. खाली मात्र कोण टिकणार याचा निकाल लागत असतो.

आता या शर्यतीत तिसरा कोणी येतो. तो डास नाही.

तुम्ही सर रोनाल्ड रॉस यांचे नाव ऐकले असेल. लष्करातले डॉक्टर, आपल्याच देशात, अल्मोड्याला जन्मलेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्यासाठी त्यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि म्हणूनच २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन पाळला जातो. त्या शोधाआधी काही वर्षे ते भेटेल तो डास सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहत होते. त्यात पट्टेरी पायांच्या डासांच्या पोटात त्यांना एक वेगळाच सूक्ष्म जीव दिसला. तो मलेरियाचा नव्हता. १८९८ मध्ये त्याचे वर्णन छापले गेले. आज त्याला ॲस्कोग्रेगरिना क्युलिसिस म्हणतात आणि शास्त्रीय ग्रंथांत त्या नावापुढे अजून रॉस यांचे नाव लिहिले जाते. मलेरियाचा शोध जगभर गाजला. पोटातला हा दुसरा पाहुणा मात्र मागे राहिला.

हा पाहुणा माणसाला काहीही करत नाही. त्याचे सगळे आयुष्य डासात जाते. त्याची बीजे पाण्याच्या तळाशी पडलेली असतात. अळी गाळ खाता खाता ती गिळते. पोटात बीज फुटते आणि त्यातून आठ बारीक जीव बाहेर पडतात. ते अळीच्या आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात आणि मोठे झाले की आतड्याच्या पोकळीत येऊन भिंतीला चिकटून राहतात. अळीने कोष केला की ते डासाच्या मूत्रनलिकांत सरकतात आणि तिथे नवी बीजे तयार करतात. डास उडाला, पुन्हा पाण्यावर येऊन बसला, तिथे त्याने विष्ठा टाकली किंवा तो पाण्यात पडून मेला, की बीजे पुन्हा तळाशी. पुढच्या अळ्या ती खातात. असे हे चक्र आहे.

प्रत्येक डासाचा आपापला पाहुणा असतो. एडीस इजिप्तीचा तो रॉस यांनी पाहिलेला. वाघ डासाचा वेगळा, त्याचे वर्णन १९८० मध्ये तैवानातून झाले, म्हणून त्याला ॲस्कोग्रेगरिना तैवानेन्सिस म्हणतात. एकाचा पाहुणा दुसऱ्याच्या पोटात नीट वाढत नाही.

हा पाहुणा मारतो का? पोटभर खायला मिळाले तर सहसा मारत नाही. अळी त्याला पोसते आणि वाढतेही. पण अन्न तोकडे असले की गणित बदलते. जे थोडे मिळते त्यात दोघांचे भागत नाही. अळी रेंगाळते, जास्त मरतात, डास बारीक निघतात. एरवी न जाणवणारे ओझे उपासाच्या दिवसांत जड होते. आजच्या बोलण्यात एवढे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

न जाणवणारे ओझे शर्यतीचा निकाल फिरवू शकते, हे पहिल्यांदा नीट दाखवले गेले ते डासांवर नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या किड्यांवर. जुन्या पिठात तांबूस बारीक किडे होतात, ते तुम्ही चाळणीत पाहिले आहेत. त्यांच्या दोन जवळच्या जाती आहेत. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात थॉमस पार्क नावाच्या शास्त्रज्ञाने त्या दोन्ही जाती पिठाच्या बाटल्यांत एकत्र वाढवल्या. १९४८ मध्ये त्याने निकाल छापला. एकाच बाटलीत दोघी फार काळ राहू शकत नव्हत्या. शेवटी एकच उरायची. पिठात एक सूक्ष्म परजीवी होता तेव्हा ७४ पैकी ६६ बाटल्यांत पहिली जात जिंकली. परजीवी नसलेल्या १८ बाटल्या होत्या. त्यांतल्या १२ बाटल्यांत दुसरी जात जिंकली. पीठ तेच होते आणि किडेही त्याच दोन जातींचे. फरक होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीचा. बाहेरून पाहणारा म्हणाला असता, पहिली जात मुळातच बळकट. ते खरे नव्हते. दुसरीच्या पोटातले ओझे जास्त जड होते.

आता डासांकडे या. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळ, वाघ डास वस्ती करून राहिलेला आढळला. तो आला होता आशियातून जहाजाने आणलेल्या जुन्या टायरांत. टायरातले पाणी वाटेत सुकले तरी डासाची अंडी टायराच्या आतल्या भिंतीला चिकटून जिवंत राहतात. पुढच्या काही वर्षांत तो तिथल्या अनेक राज्यांत पसरला आणि आधीपासून राहणारा एडीस इजिप्ती पुष्कळ ठिकाणी कमी झाला किंवा नाहीसाच झाला.

असे का झाले, यावर तिकडच्या शास्त्रज्ञांनी बरेच काम केले. एक कारण असे की पाल्यापाचोळ्याच्या पाण्यात वाघ डासाच्या अळ्या थोड्या अन्नावर जास्त चांगल्या वाढतात. दुसरे असे की वाघ डासाचा नर इजिप्तीच्या मादीशी जुळला तर त्या मादीला पिल्ले होत नाहीत आणि ती पुढे आपल्या जातीच्या नरालाही सहसा जवळ करत नाही. तिसरे कारण आपल्या विषयाचे आहे. इलिनॉय स्टेट विद्यापीठातले स्टीव्हन ज्युलियानो आणि अलियाबादी यांनी २००२ मध्ये ते छापले. त्यांनी पाहिले की वाघ डास जिथे नुकताच पोचला आहे तिथे त्याच्या पोटात त्याचा पाहुणा कमी आढळतो. डास पुढे गेला, पाहुणा मागे राहिला. पुढे तो मागोमाग येतोच, पण मधल्या काळात डास मोकळा असतो. मग त्यांनी प्रयोगशाळेत वाघ डासाच्या अळ्या झाडाच्या ढोलीत वाढणाऱ्या तिथल्या एका स्थानिक डासाच्या अळ्यांबरोबर वाढवल्या, काही ठिकाणी पाहुण्यासह आणि काही ठिकाणी पाहुण्याशिवाय. पाहुणा नसलेल्या वाघ डासाने स्थानिक डासाचे जास्त नुकसान केले. ओझे खाली ठेवून आलेला परका आधीपासून राहणाऱ्यावर जास्त भारी पडला.

डास पुढे जातो आणि पाहुणा मागे राहतो, असे का? पाहुणा अंड्याच्या आत नसतो. तो जुन्या पाण्यात, गाळात, मेलेल्या डासात असतो. भिंतीला चिकटलेली चार-दोन अंडी नव्या गावी गेली, तर त्यातून निघणारी पहिली पिढी बऱ्याचदा रिकाम्या पोटी, म्हणजे पाहुण्याशिवाय, वाढते.

यावरून वाघ डास सगळीकडे जिंकतो, असे मात्र समजू नका. आपल्या देशात उलट घडलेलेही नोंदले आहे. १९६० च्या दशकात कोलकात्यात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी पाहिले की शहराच्या दाट वस्तीत परदेशातून आलेला इजिप्ती टिकतो आणि इथला मूळचा वाघ डास झाडीच्या, उपनगरांच्या बाजूला सरकतो. सिमेंट, बंद खोल्या, साठवलेले पाणी असले की इजिप्तीची बाजू. झाडे, पाला, सावली असली की वाघ डासाची बाजू. मानपाड्यासारख्या ठिकाणी रस्त्याची एक बाजू एकाची आणि दुसरी बाजू दुसऱ्याची. मध्ये जी रेघ आहे ती स्थिर नाही. तिला सरकवणाऱ्या हातांत आपलेही हात आहेत, कारण खालचे पिंप वर नेणारे आपण आहोत.

इथे कोणी हुशार तरुण म्हणेल, सर, मग तो पाहुणाच आपण पिंपात सोडू या. डास आपोआप अशक्त होतील. विचार वाईट नाही आणि शास्त्रज्ञांनीही तो केला आहे. पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण पिंपातल्या भुकेची आहे. समजा शंभर अळ्यांना पुरेल इतके अन्न नाही आणि आपण त्यातल्या चाळीस मारल्या. उरलेल्या साठांना आता जास्त खायला मिळते. त्या धडधाकट वाढतात. डासांची संख्या आधीएवढीच राहू शकते, क्वचित वाढतेही, आणि निघणारे डास आकाराने मोठे असतात. अर्धवट औषध टाकले, अर्धे पिंप उपसले, तरी असेच होऊ शकते. गर्दीच्या पिंपात अर्धे काम केले की आपण नकळत उरलेल्यांची पंगत वाढतो. आणि हा पाहुणा तर मुळातच सौम्य आहे. तो सगळ्यांना मारत नाही.

दुसरी अडचण आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती जास्त गंभीर आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. मग तो आजार आपल्याकडून जणू नाहीसा झाला. तीस वर्षांहून जास्त काळ त्याची मोठी साथ नव्हती. २००५ च्या अखेरीस तो परत आला आणि २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल, धडधाकट माणसे भिंतीला धरून चालत होती. पण मधल्या काळात हा विषाणू कुठे होता? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ, डॉ. डी. टी. मौर्य आणि त्यांचे सहकारी, या प्रश्नाच्या मागे होते. साथ परत येण्याच्या पाच वर्षे आधी, २००० मध्ये, पुणे जिल्ह्यात यवत इथे पकडलेल्या एडीस इजिप्ती डासांत त्यांना हा विषाणू सापडला. म्हणजे माणसांत साथ नव्हती, पण डासांत विषाणू होता.

याच संस्थेने महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांतील एडीस इजिप्तींमध्ये रॉस यांचा तो पाहुणा किती आहे, याची पाहणी केली. मग प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट तपासली. चिकुनगुनियाचा विषाणू असलेल्या डासांतून पाहुण्याची बीजे काढली आणि ती निरोगी अळ्यांना खाऊ घातली. त्या अळ्यांपासून झालेल्या डासांत विषाणू मिळाला. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत झाले ते गावच्या पिंपात तसेच होते, असे यावरून सिद्ध होत नाही आणि त्या शास्त्रज्ञांनीही तशी शक्यताच मांडली. पण ती शक्यता विचार करायला लावणारी आहे. ज्याला आपण डासाचा शत्रू म्हणून सोडायला निघालो, तोच कदाचित विषाणूची पेटी वाहून नेणारा हमाल असेल. म्हणून पाहुणा सोडण्याचा विचार शास्त्रज्ञांवर सोडा. आपल्या हाती आहे तो काथ्या.

आता सगळे एकत्र जोडतो. एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर भिंतीवर ती एकेक अंडे चिकटवते. अंडी काळी, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पिंप उपडे करा, उन्हात ठेवा, महिनोन्‌महिने कोरडे राहू द्या, तरी पुष्कळ अंडी जिवंत राहतात आणि पाणी भरले की फुटतात. म्हणजे एखाद्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या पावसाळ्यात भरलेले पिंप हिवाळा-उन्हाळा कोरडे पडून राहिले, मे महिन्यात दान म्हणून इथे आले, टेम्पोतून डोंगरावर गेले आणि जूनमध्ये पागोळीखाली भरले, तर त्यातून शहरातल्या डासाची पिल्ले निघू शकतात. तीही नव्या पाण्यात, नव्या जागी, कदाचित पोटातल्या पाहुण्याशिवाय. आपण पिंप देतो आणि त्याबरोबर डासाला ओझे उतरवून नवा संसार थाटून देतो.

शहरात मी एक वाक्य वारंवार ऐकतो, "डोंगरावरच्या वस्तीतून आजार खाली येतात." डेंग्यूच्या बाबतीत हे वाक्य नीट तपासून पाहा. एडीस इजिप्ती हा जंगलातून आपल्याकडे आलेला डास नाही. तो घरांचा, गच्च्यांचा, बांधकामांचा, पिंपांचा डास आहे. त्याचा प्रवास बहुतेक वेळा खालून वर होतो, आणि तो स्वतः फार लांब उडत नाही. काही शे मीटरच्या पलीकडे तो सहसा आपल्या पंखांनी जात नाही. त्याला लांब नेतात ती वाहने. टायर, पिंपे, फुलदाण्या, भंगार. पाड्यावरच्या माणसाला नावे ठेवण्याआधी आपण वर काय पाठवतो ते पाहिले पाहिजे.

आणि वर त्याचा दाम कोण मोजतो? चिकुनगुनियाने सांधे धरले की कारकुनाला रजा मिळते. भाताच्या लावणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईचे सांधे धरले, तर त्या घराची त्या वर्षीची मजुरीच जाते. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊन रुग्ण अचानक ढासळू शकतो. मानपाड्यात दवाखाना पायाखाली आहे. पाड्यावरून रात्री पावसात रुग्ण खाली आणणे म्हणजे काय, ते इथे बसलेल्या पाड्यावरच्या भावांना विचारा.

इथे माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती बोलून घेतो. माणसे म्हणजे डास नव्हेत, तेव्हा तुलना फार ताणू नका. पण पिठातल्या किड्यांची गोष्ट मी मुलांना शिकवत असे तेव्हा मला आश्रमशाळेतली मुले आठवत. पोटात जंत, अंगात रक्त कमी, आणि जेवण जेमतेम. खात्यापित्या घरातल्या मुलाच्या पोटात जंत झाले तर त्याचे फारसे अडत नाही. अर्धपोटी मुलाच्या पोटात तेच जंत जड होतात. मग परीक्षेत ते मूल मागे पडते आणि आपण म्हणतो, याची कुवत कमी. २०१५ पासून सरकार १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळते, १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी पाड्यावरचे एकही मूल गोळीवाचून राहू नये, हे पाहणे हेही आपल्या सेवेतच येते. कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवण्याआधी कोणाच्या पोटात काय आहे ते पाहावे, एवढे त्या किड्यांनी मला शिकवले.

आता कामाचे सांगतो. हे लिहून घ्या.

गोळा झालेले प्रत्येक पिंप, बादली, टाकी आतून साबणाने घासा. काठाच्या खालचा वीतभर भाग सर्वांत जास्त घासा, कारण अंडी तिथे असतात. घासलेले पाणी गटारात किंवा दुसऱ्या भांड्यात टाकू नका, कोरड्या, उन्हात तापलेल्या मातीवर ओता. टायर घेऊ नका. छपरावर ठेवायला लागतात म्हणून कोणी मागितलेच तर आधी त्यांना मोठी भोके पाडा, म्हणजे पाणी थांबणार नाही. प्रत्येक पिंपाबरोबर तोंडाला बांधायला जुन्या साडीचा जाड तुकडा आणि नाडी द्या. नुसते पिंप देणे हे अर्धे देणे आहे.

पाड्यावरच्या भगिनींना माझी विनंती. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. मला ठाऊक आहे, दूरवरून डोक्यावर आणलेले पाणी ओतून देणे जिवावर येते. ओतू नका. फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकामे पिंप घासा, पाणी परत भरा. गाळलेल्या अळ्या मातीत टाका. जे मोठे टाके रिकामे करताच येत नाही त्यात गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात ते मागता येतात. पण ओढ्यात, तळ्यात ते सोडू नका, तिथल्या माशांना ते त्रास देतात. अंगणातल्या करवंट्या उपड्या करा. बांबू तोडताना पेराच्या अगदी वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचायला पोकळी राहत नाही. ढोलीत माती भरा.

आणि ताप आला तर अंगावर काढू नका. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या जोरदार गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, आणि लगेच आरोग्य केंद्र. पोटात फार दुखणे, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

तरुण संघाला शेवटचे सांगतो. येत्या शनिवारी सगळी पिंपे मागच्या अंगणात आणली जाणार आहेत. एका पिंपाला पंधरा मिनिटे लागतात. काथ्या मी आणतो, साबण महिला मंडळ देणार आहे. पाणी कमी वापरा, हात जास्त चालवा. घासून झालेल्या पिंपावर खडूने खूण करा आणि खूण नसलेले पिंप टेम्पोत चढवू नका, मग ते कोणीही दिलेले असो. देणगीदारांपैकी कोणाला राग आला तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांना ही पोटातल्या पाहुण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगेन.